जुन्या स्पीकरच्या जोडीचं दुर्मीळपण आणि किंमत कशी शोधायची?

अंबाजोगाईहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचे डॉक्टर चुलते १९७५च्या सुमारास इंग्लंडहून परतले, तेव्हा सोबत स्पीकरची एक मोठी जोडी घेऊन आले. पुढच्या कापडावर ‘टॅनॉय’ अशी धातूची पट्टी आहे. चुलते गेल्यापासून जोडी वाड्याच्या माडीवर चादर टाकून ठेवलेली आहे. गावातल्या एका साऊंडवाल्यांनी ‘आतले गोल’ तेवढे पंचवीस हजारांना मागितले, लाकडी बॉक्स नको म्हणाले. इंटरनेटवर याच नावापुढे लाखांचे आकडे दिसतात. हे स्पीकर खरंच दुर्मीळ आहेत का, किंमत कशी ठरवायची आणि मागणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, असं त्या विचारतात.

ताई, मागणाऱ्याला सध्या ‘थांबा’ एवढंच सांगा आणि दोन्ही बॉक्स आहेत तसेच राहू द्या. कोरड्या मऊ फडक्यानं वरची धूळ पुसलीत तर हरकत नाही, पण त्यापलीकडे हात लावू नका. पॉलिश नको, कापड बदलणं नको. ‘चालतात का ते बघू’ म्हणून एखाद्या मोठ्या ॲम्प्लिफायरला जोडणं तर मुळीच नको. पन्नास वर्षांच्या स्पीकरचं सगळ्यात जास्त नुकसान तो सापडल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत होतं, आणि ते चांगल्या हेतूनंच होतं.

आता पट्टीवरच्या नावाचं बघू. टॅनॉय ही लंडनची जुनी कंपनी, गाय फाउंटन यांनी १९२६ मध्ये सुरू केलेली. घरच्या संगीतासाठी तिनं स्पीकर केले, तसे सभा-समारंभांसाठी आणि मोठ्या इमारतींसाठीही लाउडस्पीकर केले. त्यामुळे पट्टीवर नाव आहे म्हणजे संग्राहक ज्याच्यासाठी जीव टाकतात तेच युनिट (म्हणजे तो ‘आतला गोल’) आत असेल, असं धरून चालू नका. संग्राहक ज्याच्या मागे असतात ते ‘ड्युअल कॉन्सेंट्रिक’ युनिट १९४७ मध्ये आलं. त्यात ट्विटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, वेगळा दिसत नाही. तो वूफरच्या, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, मागे बसवलेला असतो, त्याचा आवाज मॅग्नेटच्या मधोमध असलेल्या बारीक छिद्रांतून पुढे येतो आणि वूफरचा कोनच (पुढचा शंकूसारखा कागदी पडदा) त्याला कर्ण्यासारखा उपयोगी पडतो. खर्ज आणि तार सप्तक एकाच बिंदूतून निघत असल्यामुळे गाणाऱ्याचा गळा दोन तुकड्यांत फाटल्यासारखा वाटत नाही. आपल्याकडच्या ख्याल गायनाला हे स्पीकर इतके मानवतात त्याचं कारण हेच, असं माझं मत आहे.

या युनिटच्या पिढ्या मॅग्नेटच्या झाकणावरून ओळखल्या जातात आणि त्यांची बहुतेक नावंही रंगांचीच आहेत. पहिली मॉनिटर ब्लॅक, मग पन्नाशीच्या दशकातली सिल्व्हर, त्या दशकाच्या अखेरीची रेड, १९६७ पासूनची गोल्ड आणि १९७४ पासूनची एचपीडी. जितकं जुनं तितकं कमी सापडतं, आणि मागणीचा क्रमही साधारण तसाच आहे. एकाच पिढीत पंधरा इंची युनिटला बारा इंचीपेक्षा आणि बारा इंचीला दहा इंचीपेक्षा जास्त भाव येतो. तुमचे चुलते परतले ते वर्ष नेमकं सांध्यावरचं आहे. १९७४ मध्ये टॅनॉयच्या लंडनच्या कारखान्यात आग लागली, कोन बनवण्याची व्यवस्था त्यात गेली. त्याच वर्षी अमेरिकेच्या हर्मन कंपनीनं टॅनॉय विकत घेतली, आणि पुढे उत्पादन स्कॉटलंडमधल्या कोटब्रिजला हललं. म्हणजे १९७५ला घेतलेली जोडी दुकानात शिल्लक असलेल्या गोल्डची असू शकते, तशी नव्या एचपीडीचीही. जुनी विकत घेतली असेल तर रेडसुद्धा निघू शकते. लेबलवर लंडनचं वेस्ट नॉरवुड लिहिलंय की कोटब्रिज, हेही वाचून ठेवा.

बॉक्स न उघडताही थोडं कळतं. दिवे मालवा आणि मोबाइलची टॉर्च पुढच्या कापडाला चिकटवून आत बघा. कोनाची बाहेरची कड कडक, घड्या-घड्यांची दिसत असेल तर बारा इंचीमध्ये ते गोल्ड किंवा त्याआधीचं असण्याची शक्यता जास्त. कडेला स्पंजाची गोल वळी दिसत असेल, किंवा तिथे काहीच न दिसता खाली काळा चिकट भुगा साचलेला असेल, तर ते एचपीडी असावं. एचपीडीच्या कोनाला मागून उभ्या फासळ्या चिकटवलेल्या असतात, पण त्या बॉक्स उघडल्यावरच दिसतात. स्पंज झडला म्हणून घाबरू नका. त्या काळातला पॉलियुरेथेन फोम हवेतल्या दमटपणानं आणि वयानं झडतोच, तो कोणीच टिकवू शकलेलं नाही. योग्य मापाचा नवा फोम नीट बसवला तर जाणकार खरेदीदार त्याला खोट मानत नाहीत. मात्र फोम झडलेला स्पीकर वाजवू नये, कारण मग कोनाला मागून जोडलेली तारेची कॉइल मॅग्नेटच्या फटीत मध्यावर राहत नाही, घासते आणि जळते.

यापुढचं काम पाठ उघडून करायचं आहे, आणि ते एखाद्या जुन्या, सावकाश हातांच्या कारागिराकडूनच करून घ्या. मराठवाड्यात अशी माणसं अजून आहेत. चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता, त्यामुळे छत्रपती संभाजीनगरच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सचं काम रक्तात असलेले लोक भेटतात. लातूर-नांदेडलाही रेडिओच्या काळापासूनची दुरुस्तीची दुकानं शोधली तर सापडतील. कारागिराला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. या मॅग्नेटची ओढ जबरदस्त असते. युनिट पुढून काढताना स्क्रू-ड्रायव्हर हातातून निसटून थेट कागदी कोनात घुसतो. त्यामुळे एक तळहात कायम कोन आणि पान्याच्या मध्ये हवा, आणि मोकळे स्क्रू लगेच बाजूला न्यायचे.

उघडल्यावर काय बघायचं? सगळ्यात आधी मॅग्नेटवरचं लेबल आणि सिरियल नंबर, दोन्ही बाजूंचे. गोल्डच्या बारा इंची युनिटवर ‘एलएसयू/एचएफ/१२/८’ अशा प्रकारची खूण असते, त्यातला शेवटचा आठ म्हणजे आठ ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). रेड आणि सिल्व्हर पंधरा ओहमचे. एचपीडीमध्ये दहा इंचीला २९५, बारा इंचीला ३१५ आणि पंधरा इंचीला ३८५ असा आकडा नावातच असतो. झाकणाच्या रंगावर एकट्यावर विसंबू नका. झाकणं बदलतात, रंग नव्यानं मारता येतो, पण लेबल, नंबर, ओहम आणि कोनाची घडण या चार गोष्टी एकमेकींना दुजोरा देत असतील तर ओळख पक्की समजा. दोन्ही नंबर एकमेकांच्या जवळचे असतील तर जोडी कारखान्यातून बरोबरच निघाली असण्याची शक्यता मोठी, आणि त्याला वेगळे पैसे मिळतात.

मग क्रॉसओव्हर, म्हणजे खर्ज वूफरकडे आणि वरचे सूर ट्विटरकडे वाटून देणारा भाग. टॅनॉयमध्ये तो बहुधा वेगळ्या पेटीत असतो, केबल आणि प्लगनं युनिटला जोडलेला. गोल्डच्या पेटीवर तार सप्तकाचा जोर आणि उतार बदलणारी दोन नियंत्रणं असतात. ही पेटी हरवली तर किंमत चटकन खाली येते, कारण तिच्याशिवाय युनिट ऐकता येत नाही आणि बाजारात ती सुटी फारशी मिळत नाही. माडीवर, ट्रंकेत, चुलत्यांच्या पुस्तकांच्या कपाटात, कुठंही जुन्या वायरींचा गुंडाळा किंवा धातूची चपटी डबी असेल तर टाकू नका. आतले कपॅसिटर वयानं सुकलेले असू शकतात आणि वाजवायचे स्पीकर असतील तर ते बदलावेही लागतात. बदलले तर जुने काढलेले भाग कागदी पाकिटात तारीख घालून ठेवा. मूळ भाग सोबत दिले की खरेदीदाराचा विश्वास बसतो.

कॉइलची तपासणी साध्या मल्टिमीटरनं होते. क्रॉसओव्हर सोडवून मीटर थेट युनिटच्या टोकांना लावायचा, नाहीतर मधल्या कपॅसिटरमुळे चांगला ट्विटरही मेलेला दिसतो. आठ ओहमच्या वूफरचा मीटरवरचा आकडा साधारण पाच ते सात येतो, पंधरा ओहमच्या युनिटचा त्याहून बराच वर. नेमक्या आकड्यापेक्षा डावं-उजवं सारखं आहे का, हे जास्त महत्त्वाचं. एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला साडेतीन आले, तर एकाची कॉइल कधीतरी बदललेली आहे.

इथे मला थोडं थांबून बोलायचं आहे. आपल्याकडे मंडपवाल्यांचे स्पीकर दर हंगामात जळतात आणि दर हंगामात रिकोन होतात, म्हणजे त्यांचा कोन आणि कॉइल नव्यानं बसवतात. ते कारागीर कष्टाळू आहेत आणि त्यांच्या कामात तरबेज आहेत. पण जत्रेतल्या लाउडस्पीकरला चालणारा जाड कोन आणि जड कॉइल टॅनॉयच्या चौकटीत बसवली, की ते युनिट नावापुरतं टॅनॉय उरतं. कोनाचं वजन बदललं की खर्जाचा स्वभाव बदलतो, आणि इथे तर कोनाचा आकार ट्विटरच्या आवाजालाही वळण देतो. म्हणून कोनाच्या मागच्या बाजूच्या गोंदाचे ओघळ, टोकांवरची नवी चकचकीत तार, मधल्या टोपीचा वेगळा रंग, हे सगळं बारकाईनं बघा आणि त्याचे फोटो घ्या. आणि मॅग्नेट कोणालाही खोलू देऊ नका. या पिढ्यांचे मॅग्नेट ॲल्निकोचे, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूचे आहेत. हा मॅग्नेट लोखंडी चौकटीतून सुटा केला की त्याची ताकद कमी होते, आणि पुन्हा भरायची तर खास यंत्र लागतं.

ॲल्निकोचं एवढं कौतुक का, हेही सांगतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस झाईरमधल्या (आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक) अशांततेमुळे कोबाल्ट एकदम महाग झाला आणि बहुतेक कंपन्या कोबाल्ट न लागणाऱ्या फेराइट मॅग्नेटकडे वळल्या. त्यामुळे एकाच नावाच्या मॉडेलमध्ये आधीचे ॲल्निकोचे आणि नंतरचे फेराइटचे असे दोन प्रकार सापडतात आणि भावातही फरक पडतो. फेराइट वाईट असतो असं नाही, अमेरिकेच्या जेबीएल कंपनीनं त्यावर उत्तम काम केलं आहे. पण बाजार ॲल्निकोला जास्त मोजतो, आणि किंमत शोधताना बाजार काय मानतो ते धरावं लागतं. अमेरिकेच्या एआर-३एमध्येही असंच झालं. १९६७ला आलेल्या या मॉडेलच्या सुरुवातीच्या वूफरला ॲल्निको मॅग्नेट आणि कापडी कड होती, पुढे फेराइट आणि फोम आला. बाहेरून बॉक्स तोच. म्हणून नुसतं मॉडेलचं नाव शोधून किंमत काढली तर ती वेगळ्याच वस्तूची निघू शकते.

आता दुर्मीळपणाकडे येतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. जुनं म्हणजे दुर्मीळ नाही आणि दुर्मीळ म्हणजे महाग नाही. किती बनले, त्यातले अखंड किती उरले आणि आज किती जणांना हवेत, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. जेबीएलचा पॅरागॉन १९५७ ते १९८३ असा दीर्घ काळ बनला, पण हातानं आणि थोडाच. तो तिन्ही कसोट्यांवर उतरतो. क्वाडचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर १९५७ ते १९८५ भरपूर विकला गेला, तरीही चांगल्या अवस्थेतल्या जोडीला मान आहे, कारण आवाज आजही अनेकांना अद्वितीय वाटतो. (असा कोणाकडे असेल तर त्याला थेट वीज लागते आणि आत हजारो व्होल्ट असतात. पाठ उघडू नका.) अमेरिकेचा क्लिप्शहॉर्न स्पीकर १९४६ पासूनचा, पण तो पुढेही बनतच राहिला, त्यामुळे नुसत्या वयाला तिथे फारसं वजन नाही. याउलट आपल्याकडच्या छोट्या कारखान्यांत बनलेल्या कित्येक जोड्या आज जगात हातावर मोजण्याइतक्या उरल्या असतील, पण मागणारा नसल्यामुळे किंमत नाही.

देश बदलला की दुर्मीळपणही बदलतो. त्या काळात आयातीवर कडक बंधनं आणि जबर सीमाशुल्क होतं, त्यामुळे अंबाजोगाईत टॅनॉय ही नवलाईच आहे. पण लंडनच्या खरेदीदाराला त्याच्या शहरात बारा इंची गोल्ड शोधून मिळतो. तो अंबाजोगाईच्या नवलाईचे पैसे देणार नाही. पुण्या-मुंबईचा, हैदराबादचा, बंगळुरूचा खरेदीदार देईल, कारण त्याला इंग्लंडहून मागवायचं तर वाहतूक आणि कर वर मोजावे लागतात. तुमच्या जोडीची खरी बाजारपेठ देशातच आहे, हे पक्कं धरा.

जालना, परभणी, नांदेडकडून येणाऱ्या प्रश्नांत आखातातून आणलेले जपानी स्पीकर जास्त असतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. सान्सुई आणि पायोनियरचे लाकडी जाळीकामाचे मोठे बॉक्स दिसायला राजेशाही, आत पाच-पाच स्पीकर, पण त्यांना भाव येतो तो बेताचा. पायोनियरचा १९७६चा एचपीएम-१०० आणि यामाहाचा १९७४चा एनएस-१०००एम ही वेगळी गोष्ट आहे, ते जपून ठेवा. यामाहाच्या त्या मॉडेलचे मधले आणि वरचे घुमट बेरिलियमचे आहेत. घुमट फुटला असेल तर त्याचा चुरा हातानं गोळा करू नका, ती धूळ फुप्फुसाला घातक असते. बोस ९०१ असेल तर त्याची इक्वलायझरची डबी शोधा, ती नसेल तर जोडी अर्धवटच. आणि जुन्या जेबीएलच्या युनिटला दीड व्होल्टचा सेल लावून दिशा तपासणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्यांच्यात लाल टोकाला धन लावलं की कोन बाहेर न येता आत जातो. ती बिघाडाची खूण नाही. ही सेलची तपासणी फक्त वूफरवर आणि क्षणभरच करायची, ट्विटरवर कधीच नाही. भारतीय बनावटीच्या बॉक्समध्येही डोळे उघडे ठेवा. फिलिप्सचं ९७१०एम हे दोन कोनांचं आठ इंची युनिट एखाद्या बिननावाच्या सागवानी बॉक्समध्ये निघालं तर त्याला चांगले गिऱ्हाईक आहेत.

किंमत शोधताना पहिला नियम असा की मागितलेला आकडा बाजूला ठेवायचा आणि मिळालेला आकडाच धरायचा. ईबेवर झालेल्या विक्रीच वेगळ्या बघता येतात. ‘विकलं गेलं’ हा पर्याय निवडल्याशिवाय दिसणारे आकडे म्हणजे विकणाऱ्याची इच्छा, त्यातले कित्येक वर्षानुवर्षं तसेच पडून असतात. लिलावाच्या जुन्या निकालांतूनही खरा भाव कळतो. शोधताना पिढी, इंच आणि ‘फक्त युनिट’ की ‘बॉक्ससकट’ हे तिन्ही जुळलेलं हवं. बारा इंचीच्या शोधात पंधरा इंचीचे आकडे घुसतात आणि डोळे दिपतात. पाच-सहा जुळणारे सौदे मिळाले की सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडा, मधले घ्या. दुकानदाराच्या किमतीत त्याची दुरुस्ती, हमी आणि नफा धरलेला असतो, म्हणून ती घरगुती विक्रीशी ताडू नका. कंपनीनं जुनं मॉडेल पुन्हा बाजारात आणलं असेल तर तेही नजरेसमोर ठेवा. टॅनॉयनं २०१७ मध्ये आर्डन, चेव्हियट आणि ईटन ही नावं पुन्हा आणली, जेबीएलनं २०१८ मध्ये एल१०० आणला. आज शोधताना नव्या-जुन्याचे आकडे एकत्र दिसतात, वर्ष बघितल्याशिवाय एकही आकडा लिहून घेऊ नका.

मॉडेल नेमकं कधीचं हे ठरवायला त्या काळची छापील साधनं सगळ्यात भरवशाची. ब्रिटनचं ‘हाय-फाय इयर बुक’ आणि ‘वायरलेस वर्ल्ड’, अमेरिकेची ‘हाय फिडेलिटी’ आणि ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ यांचे जुने अंक आता स्कॅन होऊन मोफत वाचायला मिळतात. जाहिरातीत बॉक्सचं चित्र, मापं, ओहम आणि त्या वर्षीची किंमत असते. अमेरिकन युनिटवर बहुधा आकड्यांचा एक संकेत छापलेला असतो. पहिले तीन आकडे उत्पादकाचे, जसं २२० म्हणजे जेन्सन, मग वर्षाचा शेवटचा अंक आणि आठवडा. दशक मात्र त्यात कळत नाही, ते घडणीवरून ताडावं लागतं. ब्रिटिश युनिटवर हा संकेत शोधत बसू नका.

समजा, तुमच्या जोडीशी जुळणारे परदेशातले सौदे बघून मधला आकडा दीड लाख रुपये आला. तो तुमचा भाव नव्हे. कोन बदललेला निघाला तर मोठा हिस्सा वजा, क्रॉसओव्हरची एक पेटी नसेल तर आणखी वजा, बॉक्स गावातल्या सुतारानं केलेला असेल तर बॉक्सचं मोल वेगळं काढायचं. ही शेवटची शक्यता खरी आहे. टॅनॉय सुटी युनिटं विकत असे आणि बॉक्सचे आराखडेही देत असे, त्यामुळे जगभर घरगुती बॉक्स झाले. कारखान्याचा लँकेस्टर किंवा यॉर्क नावाचा बॉक्स असेल तर पाठीला कंपनीचं लेबल असतं आणि आतलं काम एकसारखं असतं. वाळवी आणि उंदरांसाठी तळाची फळी बोटानं दाबून बघा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यानं व्हिनिअरला चिरा पडतात, पण समुद्रकाठच्या गंजापेक्षा ते बरं. चिरा दुरुस्त होतात, पावसाळ्यात फुगलेला भुशाचा बोर्ड होत नाही.

पुरावा म्हणून कागदही जमवा. दुकानाची पावती, कस्टमचा कागद, आगबोटीच्या सामानाची यादी, हमीपत्र, त्या खोलीत स्पीकर दिसत असलेला एखादा जुना फोटो. ‘एकाच घरात पन्नास वर्षं’ हे सिद्ध करता आलं तर जाणकार माणूस त्याला किंमत देतो, कारण मधल्या हातांनी भाग बदलले नसल्याची ती सगळ्यात चांगली खात्री.

साऊंडवाल्यांना फक्त गोल का हवेत? कारण युनिट पार्सलनं कुठंही पाठवता येतं, बॉक्सला दोन माणसं आणि गाडी लागते. त्यात त्यांचा काही कपटभाव आहे असं मी म्हणणार नाही, धंद्याचा हिशेबच तसा आहे. पण बॉक्स कंपनीचे निघाले तर युनिट आणि बॉक्स वेगळे करणं मला मनापासून नको वाटतं. या युनिटचा खर्ज त्या बॉक्सच्या हवेवर तोलून बांधलेला असतो. एकदा वेगळे झालेले तुकडे पुन्हा एकत्र येत नाहीत, आणि रिकामे बॉक्स शेवटी सरपणात जातात. ओळख पटण्याआधी पंचवीस हजारांना होकार देऊ नका. ओळख पटल्यावर तेच साऊंडवाले पूर्ण जोडी योग्य भावात घेत असतील तर त्यांना जरूर द्या.

विकण्याआधी एकदा ऐका. फोम शाबूत किंवा नवा बसवलेला आणि कॉइलचे आकडे जुळलेले असतील तरच. लहान, चांगला ॲम्प्लिफायर पुरतो, या युनिटना फार ताकद लागत नाही. आधी नुसता तानपुरा लावा, आवाज अगदी कमी ठेवून. कॉइल घासत असेल तर त्या संथ नादाखाली खरखर लगेच कानाला येते, गाण्याच्या गजरात ती लपते. मग एखादी जुनी मोनो ध्वनिमुद्रिका लावून दोन्ही बॉक्सच्या बरोबर मध्ये बसा. भीमसेनजींची जुनी एलपी चुलत्यांच्या संग्रहात असेल तर उत्तमच. गळा समोर, दोन्हींच्या मध्यावर उभा राहिला पाहिजे. तो एका बाजूला ओढला गेला, किंवा वरच्या षड्जाला एकीकडे सरकला, तर जोडीतलं एक युनिट दुसऱ्याशी जुळत नाही. खरेदीदारालाही घरी बोलावून हेच ऐकवा. फोटोंवरून घासाघीस करणारा माणूस ऐकल्यावर बहुधा घासाघीस सोडतो.

सौदा ठरला तर वाहतुकीचा विचार आधी करा. अंबाजोगाईला रेल्वे नाही, जवळचं मोठं स्टेशन परळी. पण रेल्वे पार्सलच्या चढ-उतारात मी अशी जोडी कधीच देणार नाही. खरेदीदारानं स्वतःची गाडी आणावी, किंवा त्याच्या खर्चानं छोटा टेम्पो थेट दारापासून दारापर्यंत करावा. बॉक्स उभेच ठेवायचे, पुढच्या बाजू एकमेकींकडे करून मध्ये जाड गादी. लांबच्या प्रवासाला युनिट काढून वेगळं न्यायचं असेल तर ते मॅग्नेट खाली करून जाड फोमच्या खाचेत बसवायचं आणि कोनावर काही टेकू द्यायचं नाही. दोन युनिट एकाच खोक्यात ठेवायचे नाहीत, कारण मॅग्नेट एकमेकांकडे ओढले जातात. निघण्याआधी दोन्ही सिरियल नंबर पावतीवर लिहून दोघांनीही सही करायची आणि पूर्ण पैसे खात्यात जमा झाल्यावरच गाडी भरायची.